नाव नसलेल्या अवस्था : सांत अवस्था-यंत्राचे अंकीय मंडलात होणारे रूपांतर

१. प्रश्नाचे स्वरूप

काही वर्तुळे, त्यांना जोडणारे बाण आणि त्या बाणांवर लिहिलेली आदाने एवढ्या अल्प सामग्रीतून सांत अवस्था-यंत्राची आकृती सिद्ध होते. प्रत्येक वर्तुळ ही यंत्राची एक अवस्था होय. यंत्र कोणत्याही क्षणी यांपैकी एकाच अवस्थेत असते, आणि क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला, त्या वेळच्या आदानानुसार, एका बाणावरून पुढील अवस्थेस जाते. उद्वाहकाचे नियंत्रण, तारेवरून येणाऱ्या संदेशाची ओळख, स्मृतीकडून माहिती मागविण्याची शिस्त अशी अनेक कामे या एकाच साच्यात बसतात. म्हणूनच अंकीय मंडलांच्या रचनेत या संकल्पनेस मध्यवर्ती स्थान प्राप्त झाले आहे.

आकृती काढल्यानंतर तिचे मंडलात रूपांतर करणे हे आता बहुतांशी यांत्रिक काम झाले आहे. रचनाकार हार्डवेअर-वर्णनभाषेत यंत्राचे वर्णन लिहितो आणि संश्लेषक आज्ञावली त्यावरून गेट व फ्लिप-फ्लॉप यांची जुळणी तयार करते. परंतु या रूपांतरात एक गोष्ट अशी घडते की जिची नोंद मूळ आकृतीत कोठेच नसते. कागदावर पाच वर्तुळे असतील तर ती साठविण्यास किमान तीन फ्लिप-फ्लॉप लागतात, आणि तीन फ्लिप-फ्लॉपांना आठ अवस्था संभवतात. उरलेल्या तीन अवस्थांना रचनाकाराने नाव दिलेले नसते. त्यांतून बाहेर पडणारे बाणही काढलेले नसतात. तथापि त्या मंडलात असतातच. त्यांचे काय करावयाचे हे रचनाकाराने सांगितले नाही, तर ते संश्लेषक ठरवितो. आणि तो ते मंडलाच्या काटकसरीच्या दृष्टीने ठरवितो, सुरक्षिततेच्या दृष्टीने नव्हे. हा मुद्दा एका लहानशा उदाहरणाच्या साहाय्याने तपशिलाने मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका

स्विचांच्या मंडलांना बूलचे बीजगणित लागू पडते हे क्लॉड शॅनन यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. त्यांच्या विवेचनाचा भर ज्या मंडलांवर होता त्यांत प्रदान हे केवळ तत्कालीन आदानावर अवलंबून असते. पूर्वी काय घडले हे ज्यांना लक्षात ठेवावे लागते अशा क्रमिक मंडलांच्या संश्लेषणाची पद्धतशीर मांडणी डेव्हिड हफमन यांनी १९५४ मध्ये केली. पुढील वर्षी बेल प्रयोगशाळेतील जॉर्ज मीली यांनी, आणि १९५६ मध्ये एडवर्ड मूर यांनी, आज त्यांच्या नावांनी ओळखली जाणारी दोन रूपे मांडली. मूरच्या रूपात प्रदान केवळ अवस्थेवरून ठरते. मीलीच्या रूपात ते अवस्था आणि आदान या दोहोंवरून ठरते.

या काळात एकेक गेट महाग होते. त्यामुळे संश्लेषणशास्त्राचा सारा रोख काटकसरीवर होता. अवस्थांची संख्या कमी करणे, अवस्थांना असे संकेत देणे की तर्कसूत्रे लहान होतील, आणि जेथे फलिताविषयी निर्बंध नाही तेथे सोयीचे मूल्य घेऊन सूत्र आणखी आटविणे, ही त्या शास्त्राची तीन मुख्य अंगे होत. व्हीएचडीएल ही वर्णनभाषा १९८७ मध्ये आणि व्हेरिलॉग ही १९९५ मध्ये आयईईई या संस्थेची प्रमाणभाषा झाली. संश्लेषणाचे काम हातातून आज्ञावलीकडे गेले. परंतु आज्ञावलीने जी तत्त्वे आत्मसात केली ती बव्हंशी याच काटकसरीच्या काळातील आहेत.

३. एक उदाहरण : १०११ ओळखणारे यंत्र

एका तारेवरून प्रत्येक ठोक्याला एक अंक, ० किंवा १, येतो अशी कल्पना करावी. १०११ हा क्रम पूर्ण होताच यंत्राने प्रदान फ हे १ करावे. एरवी ते ० असावे. क्रम एकमेकांवर चढलेले असले तरी चालतील. आदानास य म्हटले, तर मूरच्या रूपात पाच अवस्था लागतात. अ० म्हणजे उपयोगाचे काहीच आलेले नाही. अ१ म्हणजे १ आला. अ२ म्हणजे १० आले. अ३ म्हणजे १०१ आले. आणि अ४ म्हणजे १०११ पूर्ण झाले. संक्रमणे अशी :

अ० : य = ० असता अ०, य = १ असता अ१
अ१ : य = ० असता अ२, य = १ असता अ१
अ२ : य = ० असता अ०, य = १ असता अ३
अ३ : य = ० असता अ२, य = १ असता अ४
अ४ : य = ० असता अ२, य = १ असता अ१

अ१ आणि अ४ यांच्या ओळी ताडून पाहिल्यास दोहोंतून जाणारे बाण तंतोतंत सारखे असल्याचे दिसते. भेद आहे तो केवळ प्रदानाचा : अ४ मध्ये फ = १, अ१ मध्ये फ = ०. म्हणून मूरच्या रूपात या दोन अवस्था एक करता येत नाहीत. मीलीच्या रूपात मात्र प्रदान बाणावर लिहिता येते. अ३ मधून य = १ असता जाणाऱ्या बाणावर फ = १ असे लिहिले की अ४ ची गरजच उरत नाही, आणि चार अवस्थांत काम भागते. चार अवस्थांस दोन फ्लिप-फ्लॉप पुरेसे होतात आणि एकही संकेत शिल्लक राहत नाही. फ्लिप-फ्लॉपांस क१ व क० अशी नावे देऊन, अ० ते अ३ यांस अनुक्रमे ००, ०१, १०, ११ हे संकेत दिले, तर सूत्रे विलक्षण सुटसुटीत होतात (येथे अक्षरावरील ′ हे चिन्ह निषेध दर्शविते) :

नवा क१ = क०·य′ + क१·क०′·य
नवा क० = य
फ = क१·क०·य

याचे मोल वेगळ्या प्रकारे द्यावे लागते. फ च्या सूत्रात य थेट आलेला असल्यामुळे, अ३ मध्ये असताना दोन ठोक्यांच्या मध्ये य वर क्षणिक खळबळ झाली तर ती जशीच्या तशी प्रदानात उमटते. प्रदान केवळ अवस्थेवर अवलंबून असावे, असा आग्रह अनेक प्रसंगी योग्य ठरतो तो यामुळेच. म्हणून पुढील विवेचन मूरच्या पाच अवस्थांच्या रूपाविषयी आहे.

४. संकेतन आणि मोकळ्या नोंदी

अवस्थांना कोणते द्विमान संकेत द्यावे यास संकेतन म्हणतात. संकेत बदलला तरी यंत्राचे बाह्य वर्तन बदलत नाही. मंडल मात्र बदलते. एडवर्ड मॅक्लस्की आणि स्टीफन उंगर यांनी १९५९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, फ्लिप-फ्लॉपांची अदलाबदल व निषेध हे गौण भेद वगळले, तर चार अवस्थांना दोन फ्लिप-फ्लॉपांवर ३, पाच अवस्थांना तीन फ्लिप-फ्लॉपांवर १४०, आणि नऊ अवस्थांना चार फ्लिप-फ्लॉपांवर १,०८,१०,८०० भिन्न संकेतने संभवतात. सर्व संकेतने तपासून उत्तम ते निवडणे किती लवकर अशक्य होते हे या आकड्यांवरून कळावे.

प्रस्तुत उदाहरणात सरळ द्विमान संकेतन घेऊ. अ० = ०००, अ१ = ००१, अ२ = ०१०, अ३ = ०११, अ४ = १००. फ्लिप-फ्लॉपांस डावीकडून क२, क१, क० म्हणावे. १०१, ११० व १११ हे तीन संकेत उरतात. या तीन ओळींत फलित ० असावे की १, याविषयी आकृती मौन आहे. परंपरागत पद्धतीत अशा नोंदी मोकळ्या समजल्या जातात, म्हणजे सूत्र लहान करण्यासाठी तेथे हवे ते मूल्य धरता येते. तसे केल्यावर सूत्रे पुढीलप्रमाणे येतात :

नवा क२ = क१·क०·य
नवा क१ = क०·य′ + क२·य′ + क१·क०′·य
नवा क० = क१′·य + क०′·य
फ = क२

शेवटचे सूत्र विशेष पाहण्यासारखे आहे. पाच नामांकित अवस्थांपैकी केवळ अ४ मध्येच क२ = १ आहे; तेव्हा प्रदानासाठी एकही गेट लागत नाही, क२ ची तार तशीच बाहेर काढली की झाले. काटकसरीचा हा उत्तम नमुना होय. आणि येथेच खरी अडचण आहे.

वरील सूत्रांत मोकळ्या संकेतांची मूल्ये घातली असता संश्लेषणाने त्यांच्यासाठी कोणते बाण काढून ठेवले आहेत ते उघड होते. १०१ मधून य = ० असता ०१० कडे आणि य = १ असता ००१ कडे यंत्र जाते. ११० मधून ते अनुक्रमे ०१० व ०११ कडे जाते. १११ मधून ते अनुक्रमे ०१० व १०० कडे जाते. म्हणजे यंत्र या अवस्थांत अडकून पडत नाही, एका ठोक्यात नामांकित अवस्थेत परत येते. हे समाधानकारक वाटेल. परंतु तिन्ही मोकळ्या संकेतांत क२ = १ आहे, म्हणून तिन्हींत फ = १ आहे. १११ मध्ये असता य = १ आला तर पुढील अवस्था १०० असल्याने खोटे प्रदान दोन ठोके टिकते. फ या तारेला दिवा जोडलेला असेल तर एका ठोक्याची चूक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. तिला कुलूप उघडणारी चकती किंवा स्फोटक ठिणगी जोडलेली असेल तर एक ठोका पुरेसा आहे.

५. एकस्थानी संकेतन

दुसरी प्रचलित रीत म्हणजे प्रत्येक अवस्थेस स्वतंत्र फ्लिप-फ्लॉप देणे. कोणत्याही क्षणी त्यांपैकी एकच १ असतो, म्हणून या रीतीस एकस्थानी संकेतन म्हणता येईल. पाच अवस्थांस प० ते प४ असे पाच फ्लिप-फ्लॉप लागतात. सूत्रे आकृतीकडे पाहूनच लिहिता येतात. ज्या वर्तुळात जे बाण येऊन मिळतात त्यांची बेरीज करावयाची एवढेच :

नवा प० = (प० + प२)·य′
नवा प१ = (प० + प१ + प४)·य
नवा प२ = (प१ + प३ + प४)·य′
नवा प३ = प२·य
नवा प४ = प३·य
फ = प४

ज्या पुनर्रचनाक्षम चकत्यांवर फ्लिप-फ्लॉप मुबलक असतात त्यांवर ही रीत सोयीची पडते. परंतु पाच फ्लिप-फ्लॉपांना ३२ अवस्था संभवतात, आणि त्यांपैकी २७ अनामिक आहेत.

या २७ अवस्थांचे दोन वर्ग पडतात. ज्यांत एकापेक्षा अधिक १ आहेत त्यांत जणू अनेक यंत्रे एकाच वेळी चालू असतात. प्रत्येक १ आपापल्या बाणाने पुढे सरकतो. या विशिष्ट यंत्राची अवस्था शेवटच्या चार अंकांवरून पूर्णपणे निश्चित होत असल्यामुळे, चार ठोक्यांच्या आत हे सर्व १ एका जागी येऊन मिळतात. मधल्या काळात खोटे प्रदान संभवते, पण यंत्र स्वतःहून सावरते. मात्र हा गुण या यंत्राचा आहे, संकेतनाचा नव्हे. अन्य यंत्रांत दोन १ कायम वेगळे फिरत राहू शकतील.

दुसऱ्या वर्गात एकच संकेत आहे : ०००००. वरील प्रत्येक सूत्रात उजव्या बाजूस कोणता तरी प असल्याशिवाय पद पूर्ण होत नाही. तेव्हा सर्व प शून्य असता सर्व नवे प शून्यच येणार. य काहीही असो. यंत्र या अवस्थेत गेले की वीज बंद करीपर्यंत किंवा रीसेट करीपर्यंत मुके होते. जो १ हरवला तो या सूत्रांतून पुन्हा निर्माण होऊ शकत नाही.

६. यंत्र तेथे पोहोचते कसे

ज्या अवस्थेकडे एकही बाण जात नाही तेथे यंत्र जाईलच कसे, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की आकृतीतील बाण क्लॉकच्या आदर्श ठोक्याचे आहेत. प्रत्यक्ष मंडलाचे नव्हेत. याचे तीन मार्ग प्रमुख होत.

पहिला आणि सर्वांत नित्याचा मार्ग म्हणजे क्लॉकशी न जुळविलेले आदान. मनुष्याने दाबलेली कळ किंवा दुसऱ्या क्लॉकवर चालणाऱ्या यंत्राची तार ही ठोक्याच्या नेमक्या क्षणी बदलू शकते. य हा अनेक सूत्रांत आलेला आहे आणि प्रत्येक फ्लिप-फ्लॉपपर्यंत त्याची वाट निराळ्या लांबीची आहे. तेव्हा एका फ्लिप-फ्लॉपला जुना य आणि दुसऱ्याला नवा य दिसणे शक्य होते. द्विमान यंत्र अ३ मध्ये, म्हणजे ०११ मध्ये, असताना य चे मूल्य ० वरून १ होत आहे असे धरावे. क२ ने नवा य पाहिला तर तो १ होतो, क१ ने जुना य पाहिला तर तो १ च राहतो, आणि क० दोन्ही परींनी ० होतो. परिणामी ११० ही अनामिक अवस्था प्राप्त होते आणि फ वर खोटा १ उमटतो. एकस्थानी यंत्रात हीच गोष्ट अधिक घातक आहे. यंत्र अ१ मध्ये असताना प१ ने य = ० पाहिला आणि प२ ने य = १ पाहिला, तर दोघेही ० होतात. यंत्र ००००० मध्ये जाऊन पडते. त्यासाठी कोणत्याही विलक्षण अपघाताची गरज नाही. अवेळी दाबलेली एक कळ पुरते. याखेरीज, ठोक्याच्या क्षणी बदललेले आदान घेणारा फ्लिप-फ्लॉप काही काळ ० व १ यांच्या मध्ये अधांतरी राहू शकतो हे थॉमस चेनी आणि चार्ल्स मोल्नर यांनी १९७३ मध्ये प्रत्यक्ष मापनाने दाखविले आहे.

दुसरा मार्ग रीसेटचा आहे. वीज सुरू होताना फ्लिप-फ्लॉप कोणत्याही मूल्यावर उभे राहू शकतात. त्यांना आरंभीच्या अवस्थेत आणणे हे रीसेटचे काम. परंतु रीसेट उठण्याचा क्षण क्लॉकच्या ठोक्याला अगदी लागून आला तर काही फ्लिप-फ्लॉप एक ठोका आधी मोकळे होतात, काही मागे राहतात. यंत्राची पहिलीच पावले चुकतात.

तिसरा मार्ग किरणोत्साराचा. अंतराळात आणि उंच आकाशात ऊर्जावान कणांच्या आघाताने एखादा फ्लिप-फ्लॉप उलटतो. येथे संकेतनाचा एक सूक्ष्म भेद दिसतो. द्विमान संकेतनात ००० मधील एक अंक उलटून ००१ झाला तर तीही नामांकित अवस्थाच असते. चूक घडल्याचे कोणतेही चिन्ह राहत नाही. एकस्थानी संकेतनात कोणताही एक अंक उलटला तरी एकतर दोन १ होतात किंवा एकही उरत नाही. चूक नेहमी उघडी पडते. मात्र ती पाहणारे मंडल असेल तरच त्या उघडेपणाचा उपयोग. ज्या रीतीत चूक सर्वांत सहज ओळखता येते, त्याच रीतीत ती न ओळखल्यास सर्वांत महाग पडते.

७. एका उपग्रहाची हानी

या चर्चेचे गांभीर्य दाखविणारी एक घटना सार्वजनिक नोंदीत आहे. अमेरिकेच्या नासा या संस्थेने मार्च १९९९ मध्ये वायर नावाचा लहान उपग्रह सोडला. त्याची अवरक्त दुर्बीण घन हायड्रोजनाने थंड ठेवलेली होती आणि तिच्या तोंडावर झाकण होते. हे झाकण योग्य वेळी स्फोटक साधनांच्या साहाय्याने दूर करावयाचे होते. प्रत्यक्षात ते फार लवकर उडाले. दुर्बिणीत उष्णता शिरली, हायड्रोजनाची वाफ होऊन ती वेगाने बाहेर पडली, त्या झोताने उपग्रह गरगरू लागला आणि निरीक्षणाचा मूळ कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच संपला.

चौकशी मंडळास दोष आढळला तो स्फोटक साधनांचे नियंत्रण करणाऱ्या पेटीतील अंकीय रचनेत. त्या पेटीला वीज मिळताच तिच्यातील पुनर्रचनाक्षम चकती क्षणभर अनिश्चित स्थितीत होती. तिचा रीसेट क्लॉकच्या ठोक्यावर अवलंबून होता, आणि क्लॉक निर्माण करणाऱ्या स्फटिक-आंदोलकाला सुरू होण्यास वेळ लागत होता. ठोकाच नसल्याने रीसेटही नव्हता. तेवढ्या अवधीत प्रदानाच्या तारांवर काय असावे याची हमी कोणाकडेच नव्हती. उपग्रहाचा सांगाडा पुढे ताऱ्यांच्या कंपनांच्या अभ्यासासाठी वापरला गेला हे खरे. परंतु दुर्बीण गेली ती गेलीच. येथे अवस्था-आकृतीत चूक होती असे म्हणता येणार नाही. जो काळ आकृतीत नव्हताच, त्या काळात अनर्थ घडला.

८. वर्णनभाषेचे मौन

वर्णनभाषेत अवस्था-यंत्र लिहिण्याची रीत आता रूढ झाली आहे. प्रथम अवस्थांची नावे एका गणित-प्रकारात जाहीर करावयाची. मग प्रत्येक अवस्थेसाठी पुढील अवस्था आणि प्रदान सांगणारा पर्याय-विभाग. आणि शेवटी ठोक्याला अवस्था बदलणारा विभाग. संकेत कोणते असावे हे बहुधा लिहिले जात नाही. ती निवड संश्लेषक करतो, आणि लिहिलेले संकेतही तो बदलू शकतो.

पर्याय-विभागाच्या अखेरीस 'अन्यथा अ० कडे जावे' असे एक कलम पुष्कळ रचनाकार लिहितात आणि अनामिक अवस्थांची तजवीज झाली असे मानतात. हा समज बहुधा चुकीचा ठरतो. भाषेच्या दृष्टीने त्या प्रकारात पाचच मूल्ये आहेत, आणि पाचांचीही कलमे आधी येऊन गेली आहेत. 'अन्यथा' म्हणण्यासारखे काही उरलेलेच नाही. म्हणून संश्लेषक ते कलम निरुपयोगी समजून गाळू शकतो. सुरक्षित अवस्था-यंत्राची स्पष्ट मागणी केल्याशिवाय ते मंडलात उतरेलच असे नाही. संकेत स्वतः तीन अंकांत लिहिले असले तरीही, त्या अवस्थांपर्यंत एकही बाण पोहोचत नाही असे ताडून तो तोच निर्णय घेऊ शकतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही उणीव संगणकावरील सदृशीकरणात दिसत नाही. सदृशीकरण मूळ वर्णनाचे होते, आणि त्या वर्णनाच्या विश्वात सहावी अवस्था अस्तित्वातच नसते. कितीही चाचण्या घेतल्या तरी ११० हा संकेत तेथे उद्भवणार नाही. जे वर्णनात नाही ते तपासणीतही येत नाही. परंतु मंडलात मात्र ते असते.

९. उपाय आणि त्यांचे मोल

पहिला उपाय आदानाचा. बाहेरून येणारा य थेट तर्कसूत्रांत न नेता एकापुढे एक अशा दोन फ्लिप-फ्लॉपांतून आणावा, म्हणजे यंत्राच्या सर्व भागांस एकच य दिसेल. दुसरा रीसेटचा : तो क्लॉकची वाट न पाहता लागू व्हावा, पण उठताना मात्र क्लॉकशी जुळून उठावा. आणि घातक प्रदानाच्या तारा क्लॉक नसतानाही निरुपद्रवी राहतील अशी व्यवस्था असावी.

तिसरा उपाय म्हणजे मोकळ्या नोंदी मोकळ्या न ठेवणे. प्रस्तुत उदाहरणात तिन्ही अनामिक अवस्थांसाठी पुढील अवस्था ००० आणि फ = ० असे निश्चित केले तर सूत्रे अशी होतात :

नवा क२ = क२′·क१·क०·य
नवा क१ = क२′·क०·य′ + क२·क१′·क०′·य′ + क२′·क१·क०′·य
नवा क० = क२′·क१′·य + क२′·क०′·य + क१′·क०′·य
फ = क२·क१′·क०′

पुढील अवस्थेच्या सूत्रांत पूर्वी ६ गुणपदे व त्यांत १४ अक्षरे होती. आता ७ गुणपदे व २४ अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षरास गेटची एक तार मोजावी लागत असे त्या काळी ही वाढ लहान नव्हती. परंतु १९८५ मध्ये झायलिंक्स या कंपनीने एक्ससी२०६४ ही ६४ तर्ककोष्ठांची पुनर्रचनाक्षम चकती बाजारात आणली तेव्हापासून हिशेबच बदलला आहे. तशा चकतीत चार चलांचे कोणतेही फलन एका कोष्टकात मावते. सूत्र लहान असो वा मोठे. वरील प्रत्येक सूत्रात क२, क१, क० व य ही चारच चले आहेत. म्हणजे काटकसरीच्या आणि सुरक्षित अशा दोन्ही रूपांस पुढील अवस्थेसाठी तीनच कोष्टके लागतात. अधिक लागते ते फ साठी एक. ज्या बचतीसाठी अनामिक अवस्थांना वाऱ्यावर सोडले जाते ती बचत अशा लहान यंत्रांत जवळजवळ उरलेलीच नाही. मोठ्या यंत्रांत खर्च येतो, हे मान्य केले पाहिजे. तेथे रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये दिलेल्या तत्त्वावरील चूक-सुधारक संकेत, किंवा यंत्राच्या तीन प्रती ठेवून बहुमत घेण्याची रीत, यांचा विचार प्रसंगानुसार करावा लागतो.

अनामिक अवस्थेतून अ० कडे जाणे हेच सुरक्षित, असेही सरसकट म्हणता येत नाही. फ ने कुलूप उघडत असेल तर शंका येताच अ० कडे जाणे योग्य. एखादा खरा संकेत हुकला तर तो पुन्हा देता येतो. फ ही धोक्याची घंटा असेल तर गप्प राहणे हीच चूक ठरेल, आणि शंका येताच घंटा वाजविणे श्रेयस्कर होईल. दोन्ही यंत्रांची आकृती एकच आहे, बीजगणित एकच आहे. फरक आहे तो प्रदानाच्या तारेच्या पलीकडे काय आहे याचा. ही माहिती संश्लेषकास कोणी दिलेली नसते. ती केवळ रचनाकारापाशी असते.

१०. समारोप

काटकसरीच्या काळात मोकळी नोंद ही गणिती सवलत होती, आणि तिचा उपयोग करून घेणे हे कौशल्य होते. ते कौशल्य आज आज्ञावलीने आत्मसात केले आहे आणि ती ते कोणी न सांगताही वापरते. म्हणून रचनाकाराच्या कामाचा भार आता दुसरीकडे सरकला आहे. पाच अवस्थांची आकृती काढून झाली की तो अर्धेच काम करून चुकलेला असतो. किती फ्लिप-फ्लॉप लागतील, त्यांना एकंदर किती संकेत संभवतील, त्यांपैकी किती अनामिक राहतील, आणि त्या प्रत्येकात यंत्राने काय करावे हे प्रश्न संश्लेषणापूर्वी विचारले गेले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे संश्लेषणानंतर मिळालेल्या मंडलावरच पडताळून पाहिली पाहिजेत. ही पडताळणी कठीण नाही. येथील उदाहरणात तीन संकेत चार सूत्रांत घालून पाहिले एवढेच. कागदाच्या एका पानात ते काम झाले. ते न केल्यास तिन्ही अनामिक अवस्थांत प्रदान १ आहे ही गोष्ट मंडल प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत कोणास कळली नसती.